सरांच्या आवाजातलं "उचला"

सरांचा आवाज काढायचा तर आधी नाक अर्धं बंद करायचं. सर्दी जाऊन दोन दिवस झालेत पण अजून जरा शिल्लक आहे, तेवढंच. मग घशातून एक 'हं' सोडायचा आणि लांबवायचा. समोरच्याला वाटलं पाहिजे, आता हा माणूस काहीतरी जबरदस्त बोलणार. तिथंच थांबायचं. दोन श्वास. मग हळूच, 'बघू.' झाले सर तयार.

मला हे तीन दिवसांत जमलं. खुरपं नीट धरायला दोन आठवडे लागले. यातच काय ते समजा.

जामखेडला शाळेत मी हेडमास्तर काढायचो, एसटीचे कंडक्टर काढायचो, गॅदरिंगला आलेले पाहुणे तर ते स्टेजवरून उतरायच्या आत काढायचो. घाबरलो की जास्तच काढायचो. पिंपरीत पुरातत्त्वाच्या एम.ए.ला आलो आणि पहिल्याच वर्षी चार आठवड्यांचं उत्खनन करायचं कळलं, तेव्हा महिनाभर मी दिसेल त्याचा आवाज काढत सुटलो. बाकीच्यांनी आधी कुठं कुठं काम केलेलं. मी जमीन खणली होती ती फक्त एनएसएसमध्ये, झाडं लावायला, आणि त्यातली निम्मी वाळली.

साइट चाकणच्या पुढं होती. गावातले लोक तिला पांढर म्हणायचे. जुनी वस्ती मोडून तिची माती झाली की ती अशी पांढरट होते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. टेकाडाच्या तीन बाजूंनी कंपन्यांचे पत्र्याचे शेड, चौथ्या बाजूला रस्ता, त्यावर कंटेनर. ही जमीनही विकली गेली होती, गोडाऊन होणार होतं. मालकानं महिनाअखेरपर्यंत खणायला परवानगी दिली होती आणि जेसीबी आत्ताच आणून कडेला उभा केला होता. रोज सकाळी तो पिवळा हात बघितला की मला परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरची आठवण यायची. पेपर ओढायलाच उभा.

आता सर. सर मूळचे प्रोफेसर नव्हेत. चिंचवडला गिअर बनवणाऱ्या कंपनीत वीस-बावीस वर्षं क्वालिटीला होते. मग व्हीआरएस घेतली, आपल्या पोरांच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून एम.ए. केलं, पीएचडी केली आणि आम्हाला शिकवायला लागले. कंपनी सोडली, पण कंपनीनं त्यांना सोडलं नाही. सकाळी सातला शिट्टी. शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी आणि व्हर्निअर. मातीचं खापर दिसलं की त्याची जाडी व्हर्निअरनं मोजणार आणि पुटपुटणार, "कुंभार शिस्तीचा होता." आम्ही सगळे 'ट्रेनी'. गावातल्या माती उचलणाऱ्या बायका 'ताई'. ट्रेंचला कुणी खड्डा म्हटलं की शिट्टी. "रस्त्यात असतो तो खड्डा. ही ट्रेंच."

ट्रेंचमध्ये ते अनवाणी उतरायचे. उतरायच्या आधी पाय पुसायचे. आत शिंदीच्या छोट्या झाडूनं स्वतः झाडायचे, घरातली बाई दिवाळीत झाडते तसं, कोपरे काढून. कधी चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे. एकदा मीही ठेवली. मला माती लागली.

माझा पहिला दिवस. घाईत बूट घालून ट्रेंचच्या काठावर पाय दिला. शिट्टी. "तिथंच उभा राहा. हलू नकोस." मी एका पायावर. सरांनी वही आणली, माझ्या बुटाचा ठसा मोजला, काढला आणि खाली मोठ्यानं वाचत लिहिलं, "सर्वात वरचा थर. काळ: आजचा. ट्रेनीचा बूट, साइज आठ." सगळे हसले. सर हसले नाहीत. मला म्हणाले, "चूक झाली तर झाली. ती लपली की गिऱ्हाइकापर्यंत जाते." मी धीर करून विचारलं, सर, इथं गिऱ्हाईक कोण? त्यांनी तो 'हं' घेतला, दोन श्वास थांबले. "शंभर वर्षांनी जो वाचेल तो."

आणि एक नियम, सगळ्यात वरचा. वस्तू दिसली की हात लावायचा नाही. आजूबाजूची माती मोकळी करायची, फोटो काढायचा, माप घ्यायचं, चित्र काढायचं. मग सर यायचे, उकिडवे बसायचे आणि एकच शब्द बोलायचे. "उचला." तो शब्द दुसऱ्या कुणी बोलायचा नाही. कारण वस्तू कुठंही नेता येते, पण ती जिथं होती ती जागा नेता येत नाही. एकदा उचललं की ती जागा मेली.

माझ्या ट्रेंचमध्ये माझ्याबरोबर शाहीन होती. पिंपरीची, वडलांचं गॅरेज. तिचा हात बघून मला घाम फुटायचा. मी ब्रश मारला की खापर हलायचं, ती मारायची तर धूळसुद्धा रांगेत जायची. मी विचारलं, कुठं शिकलीस? म्हणाली, "अब्बूंच्या गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर साफ करून बघ, मग बोल." तिचं एक होतं. अब्बूंनी सांगितलं होतं, महिनाभर जा, सरांनी लिहून दिलं की हिला हे जमतं, तर पुढचं शिक. नाही दिलं तर चुलत्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बस. त्यामुळे ती हसायची कमी. मी कंडक्टर काढून दाखवला तरी अर्धंच हसायची आणि परत खाली बघून ब्रश.

सरांचा आवाज मात्र मी पोरापोरींत कधी काढला नाही. तेवढी अक्कल होती. तो फक्त हिराबाई आणि बाकीच्या बायकांसाठी, मातीच्या ढिगामागं, चहाच्या सुट्टीत. हिराबाई पलीकडच्याच गावच्या, दहा-बारा उत्खननं केलेल्या. तोंडाला पदर लावून हसायच्या आणि म्हणायच्या, "आक्षी साहेब हाय. येक दिस मार खानार बग तू."

तिसऱ्या आठवड्यात आम्हाला चूल दिसली.

म्हणजे शाहीनला दिसली. काळी राख, लाल भाजलेली माती आणि त्यात एका मडक्याचा काठ, सबंध गोल. सर आले आणि पहिल्यांदाच 'बघू' म्हणाले नाहीत. नुसते बसले. दोन दिवस येता-जाता तिथंच बसायचे. शेवटी सगळ्यांना बोलावलं. "हे मडकं चुलीवर आहे का चुलीशेजारी पडलेलं आहे? चुलीवर असेल तर हे लोक अन्न शिजत ठेवून गेले. शेजारी असेल तर जेवून, आवरून गेले. दोन हजार वर्षं झाली असतील. जेवून गेले का न जेवता, एवढंच बघायचंय." मग म्हणाले, उद्या सकाळी ऊन तिरपं असेल तेव्हा फोटो, मग चित्र, मग राखेचा एकेक थर. तोवर फक्त कडेची माती काढा.

मला वाटलं, एवढ्याशा मडक्यासाठी. पण आवाज ऐकून अंगावर काटा आला होता, हेही खरं.

त्याच दुपारी गोडाऊनवाल्यांचा इंजिनिअर आला. जेसीबी दोन दिवस आधी चालू करतो म्हणत होता. सर त्याच्याशी बोलायला रस्त्यावर गेले. चहाची सुट्टी. बाकीची पोरं टपरीवर. शाहीन ट्रेंचमध्येच बसलेली, खांद्याइतकी खोल झालेली ट्रेंच, वर हिरवी जाळी. मी ढिगामागं बायकांबरोबर. जेसीबीच्या भीतीनं माझं डोकं भणभणत होतं, आणि भणभणलं की मी काय करतो ते सांगितलंच.

मी इंजिनिअर काढला, मग सर काढले. सर इंजिनिअरला व्हर्निअरनं मोजतायत, मग जेसीबीच्या बकेटची माती चाखतायत. हिराबाई चहा सांडून हसत होत्या. त्यांच्यासमोर किटली होती, तिच्याकडं बोट करून मी सगळ्यात मोठ्या, सगळ्यात सरांच्या आवाजात म्हणालो, "हं… बघू. झालं आता. उचला."

ट्रेंचमधून शाहीनचा आवाज आला. "सर, आत्ता?"

मला काय वाटलं सांगतो. मला वाटलं, हिनं एकदाची साथ दिली. तीन आठवडे अर्धंच हसणारी मुलगी आज माझ्या नकलेत घुसली. मी छाती फुगवून म्हणालो, "आत्ता नाही तर काय पुढच्या शिफ्टला?"

बायका फुटल्या हसायला. मी वाकून नमस्कार वगैरे केला.

पाचेक मिनिटांनी शाहीन शिडीवरून वर आली. दोन्ही हातांत ट्रे, ट्रेमध्ये मडकं. अख्खं, एक ओरखडा नाही. असं मडकं उचलायला तिच्यासारखाच हात लागतो. चेहरा असा फुललेला की तो मी आयुष्यात विसरणार नाही. म्हणाली, "सर कुठंयत? आत्ता तर होते."

हिराबाईंचा पदर तोंडावरच राहिला. मी किटलीचं झाकण लावायला लागलो.

सर आले. ट्रेमध्ये बघितलं. मग पाय पुसून खाली उतरले. चुलीतली राख एका बाजूला घसरून बसली होती. बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "लाइन थांबवा," म्हणाले. हा त्यांचा कंपनीतला शब्द. तो म्हटला की सगळ्यांनी हातातलं खाली ठेवायचं. ठेवलं.

"कुणी सांगितलं?"

"सर, तुम्हीच."

"मी रस्त्यावर होतो."

"सर, मी विचारलं पण. आत्ता का, म्हणून. तुम्ही हो म्हणालात."

सरांनी रागावायला पाहिजे होतं. ते रागावले नाहीत. तिच्याकडं बघत राहिले, पट्टीवर न बसणाऱ्या मापाकडं बघावं तसं. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि उद्यापासून तिला खापरं धुवायला बसायला सांगितलं. तिला ट्रेंच बंद. अब्बूंना दाखवायची ती चिठ्ठी आता गेली. सांगायची गरजच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, तू तेव्हाच का नाही सांगितलंस. मीही मला तेच विचारत होतो. जीभ होती, तोंड होतं, आठ-दहा आवाज होते. त्यातला एकही निघाला नाही.

सुटल्यावर नाक्यावर ती अब्बूंची वाट बघत उभी होती. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, आता सांगू, आता सांगू करत. तिनं आपणहून विचारलं, "तुला कधी असं झालंय? कुणी बोललं नसताना ऐकू आलंय?" मी म्हणालो, नाही. ती कानामागं हात नेऊन कान चाचपत होती, जसं काही तिथं काही सैल झालंय. मग अब्बू आले, मला हसून सलाम केला, तिला विचारलं, काय मग, सर खूश? ती गाडीवर बसली.

हिराबाई मागून येत होत्या. माझ्याजवळ थांबल्या. "तू सांगतूस का म्या सांगू? म्या बी हासले. माजा बी त्यात वाटा हाय. पन आदी तू."

मी रहाटणीला मावसभावाकडं राहायचो; सकाळी त्याच्या कंपनीच्या बसनं निघालो. तो पुढं बसून डुलक्या काढत होता. मी मागच्या सीटवर सराव करत होतो. हेडमास्तरांच्या आवाजात, "माझ्याकडून एक गंभीर चूक घडलेली आहे," एकदम झकास. कंडक्टरच्या आवाजात, "चूक झाली, पुढं सरका," तेही जमत होतं. माझ्या आवाजात म्हणायला गेलो की दुसऱ्या शब्दाला बारीक होऊन बंद पडायचं. शेजारच्या काकांनी विचारलं, भाऊ, उलटीबिलटी होतीये का, खिडकीत बसा.

शिट्टीच्या आधी पोचलो. सर एकटेच ट्रेंचमध्ये, अनवाणी, चुलीच्या कडेकडेनं झाडत होते. पाठमोरे. मी काठावर बूट काढून उभा राहिलो, श्वास घेतला, तोंड उघडलं.

"हं…"

नाकातून. लांब. सरांचा. देवाशप्पथ मुद्दाम नाही. भीतीनं जो आवाज सगळ्यात वर होता तो बाहेर पडला.

झाडू थांबला. सर वळले नाहीत.

"परत."

"सर, मी… काय परत?"

"काल जे म्हणालास ते. सगळं."

मी म्हणालो. झालं आता, उचला, आणि पुढच्या शिफ्टचं पण. सर मान तिरकी करून ऐकत होते. कंपनीत मशीनच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय का ओळखायचे म्हणे, तसं. मग वळले.

"मी इतका नाकात बोलतो?"

"थोडं कमी, सर."

"हं." हा खरा होता. "ट्रायल घेऊ. तू सांगतोस म्हणून पास करायची पद्धत नाही आपली."

शाहीन आली तेव्हा तिला त्यांनी काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, धुण्याचं नंतर, आधी खाली ये, कोपरा साफ कर. मला ढिगामागं पाठवलं. हिराबाई मध्ये उभ्या राहिल्या, त्यांना दोन्ही बाजू दिसत होत्या. मला काहीच दिसत नव्हतं. हातात हात धरून बसलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं, नक्कल फसावी.

हिराबाईंनी मान हलवली. मी म्हणालो, "हं… झालं आता. उचला."

खालून आलं, "हो स—"

आणि तिथंच तुटलं. हिराबाईंनी नंतर सांगितलं, पोरीनं न बघता हात पुढं केला, आणि हातापाशी साहेबांचे अनवाणी पाय, आवाज मात्र ढिगामागून.

मग शिडी वाजली. शाहीन ढिगाला वळसा घालून माझ्यासमोर आली. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"माझे कान ठीक आहेत," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं. मग मला, "काल घरी गेल्यावर मी अब्बूंना म्हणाले, मला कानाच्या डॉक्टरकडे न्या. आणि नाक्यावर तू माझ्या शेजारी उभा होतास, सगळं माहीत असून."

सरांनी वही माझ्या हातात दिली. लिही. मी लिहिलं, 'मडकं चुकून उचललं गेलं.' सरांनी 'चुकून' खोडलं. "चुकून सगळेच करतात. कसं झालं ते लिही." मी लिहिलं, की मी सरांच्या आवाजात खोटा हुकूम दिला, शाहीननं विचारून खात्री केली, मी पुन्हा खोटं सांगितलं, म्हणून मडकं उचललं गेलं, तिचा दोष नाही. "नाव?" नाव लिहिलं. त्याखाली सरांनी स्वतः एक ओळ लिहिली: मडकं चुलीवर होतं की शेजारी, हे आता सांगता येणार नाही. ती ओळ रिपोर्टात तशीच गेली. माझ्या नावासकट. शंभर वर्षांनी जो कुणी वाचेल त्याला मी सापडणार आहे.

उरलेले दिवस खापरं मी धुतली. बादलीतल्या पाण्यानं बोटं सुरकुतायची. सर येता-जाता एक-दोन खापरं उचलून बघायचे आणि परत टाकायचे, "अजून माती आहे." आवाजाबद्दल एकदाच बोलले. "माल चांगला आहे तुझा. शिक्का दुसऱ्याचा मारलास." तो आवाज काढू नकोस, असं मात्र म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर सोपं गेलं असतं.

शाहीनला चिठ्ठी मिळाली. तिनं ती हिराबाईंना वाचून दाखवली, तेव्हा मी बादलीपाशी होतो. दोनच ओळी होत्या. 'हिचा हात स्थिर आहे. न पटणारी गोष्ट ही दोनदा विचारते, आणि विचारल्यावर जे ऐकलं तेच सांगते.' अब्बूंना ती कळली का माहीत नाही. पण शाहीन आता पुढच्या वर्षाला आहे. माझ्याशी बोलते. कामापुरतं.

आणि शेवटचा दिवस. जेसीबी चालू झाला होता, इंजिनिअर घड्याळ बघत होता, आणि शाहीनच्या कोपऱ्यात ऐन वेळी एक दिवा दिसला, मातीचा, तळहाताएवढा. फोटो झाला, माप झालं, चित्र झालं. मला सामान आवरायला बोलावलं होतं, मी काठावर सरांच्या शेजारी उभा. सर वाकले आणि म्हणाले, "हं… उचला."

शाहीननं हात लावला नाही. ब्रश खाली ठेवला, शिडी चढून वर आली. सरांच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग माझ्याकडं. मी आधीच दोन्ही हातांनी तोंड झाकून ठेवलं होतं.

जेसीबीवाल्यानं हॉर्न दिला. इंजिनिअर ओरडला, काय राव, किती वेळ. सरांनी त्याच्याकडं न बघता हात वर केला. "थांबा. चेकिंग चालू आहे."

"हात काढ," शाहीन मला म्हणाली. "ओठ दिसू दे."

मी हात काढला. ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. ती परत सरांकडं वळली.

"सर, आता परत म्हणा."